कोतवालाची अळी

झाडाझाडावर पाखरांची पंचायत होती, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या एका चिंचेवर सभा भरली होती. शेंड्यावर बसून पहारा देणाऱ्या कोतवाल पक्ष्याला प्रत्येक घरट्याने रोज एक अळी कर म्हणून द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता.

साळुंकी चोचीत अळी धरूनच आली होती. घरट्यात तिची पिल्लं उपाशी होती.

"पहारा नसेल तर ससाणा एकेकाला उचलून नेईल," बुलबुल म्हणाला. साळुंकीने मान डोलावली.

"अहो, पण इथे ससाणा आला कधी होता?" होल्याने विचारलं. साळुंकीला तेही पटलं. तिने पुन्हा मान डोलावली.

तेवढ्यात शेंड्यावरून कोतवाल ओरडला, "ससाणा आला, ससाणा!" सगळी पाखरं पानांत दडली. साळुंकीच्या चोचीतली अळी फांदीवर पडली.

बऱ्याच वेळाने सगळे बाहेर आले. आभाळ मोकळं होतं. फांदीवर अळी नव्हती, आणि कोतवाल चोच पुसत होता.

"ससाणा कुणी पाहिला का हो?" साळुंकीने भीत भीत विचारलं.

"दिसला नाही, म्हणजे पहारा चोख आहे," पंचायतीचा प्रमुख तांबट म्हणाला. "कर मंजूर असेल त्यांनी पंख वर करा."

साळुंकीने रिकाम्या फांदीकडे पाहिलं, मग रिकाम्या आभाळाकडे. तिकडे पिल्लं ओरडत होती. तिला काही सुधरेना. भानावर आली तेव्हा तिचा पंख वर होता, आणि शेंड्यावरून कोतवाल तिच्याकडे बघून मान डोलावत होता.