लवंगेचं तेल कुठे गेलं

टप्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, टप्.

हा आवाज मी फार लहानपणी ऐकला होता. तांब्याच्या घागरीत थेंब पडण्याचा आवाज तो. गोष्ट मात्र त्याहून जुनी आहे. ज्यांनी मला ती सांगितली, त्यांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक अर्कवाला राहत होता. ओवा, जिरं, बडीशेप असं स्वयंपाकघरातलंच सामान घ्यायचा आणि त्यातून तेल काढायचा. त्याच्याकडे घाणा नव्हता, बैल नव्हता. सगळं काम वाफेवर चालायचं.

शेजारची एक म्हातारी रोज येऊन भट्टीजवळ बसायची आणि रोज तेच विचारायची, "अरे, पण सुक्या दाण्यातनं वाफ तेल काढते तरी कशी?"

अर्कवाला न कंटाळता सांगायचा, "हे बघा आजी. खाली हंड्यात पाणी उकळतं. वर जाळीवर ओवा ठेवलाय. वाफ ओव्यातून वर जाते आणि जाताना त्याचा वास बरोबर घेऊन जाते. पुढे ही नळी. नळी गार पाण्यातून नेली आहे. गारवा लागला की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि वासाचं होतं तेल."

"आणि मग?"

"मग दोघं या घागरीत पडतात. पण एकमेकांत मिसळत नाहीत. तेल वर, पाणी खाली."

"माझ्यासारखं आणि माझ्या सुनेसारखं," म्हातारी म्हणायची. "एका घरात, पण वेगवेगळं."

घागरीच्या बुडाशी एक भोक होतं आणि त्यात लाकडाचं बूच होतं. घागर भरली की अर्कवाला बूच काढायचा. खालचं पाणी मोरीतून परसात वाहून जायचं. त्या पहिल्या पाण्याकडे कोणी बघत नसे. अर्कवाला तेवढ्यात हातपाय धुऊन यायचा. पाणी संपत आलं की धारेखाली बोट धरून बसायचा. बोटाला बुळबुळीत लागलं की झटकन बूच लावायचा. घागरीत राहिलं ते तेल. त्याचे वडील असंच करायचे आणि वडिलांचे वडीलही.

गावाचा त्याच्यावर मोठा विश्वास होता. एकदा कोणी व्यापारी तेल काढून घेतलेल्या पोचट लवंगा गावात विकून गेला होता. तेव्हापासून बाजारात नवा मसाला आला की लोक म्हणायचे, "आधी अर्कवाल्याकडे जाऊ दे. तो म्हणेल तर घेऊ."

एके दिवशी घाट उतरून एक बाई आली. डोक्यावर लवंगांचं पोतं होतं. समुद्राकडच्या गावात तिची थोडी जमीन होती. तिनं आणि तिच्या सासूनं मिळून लवंगेची झाडं लावली होती. पाणी घालता घालता सासू गेली. लेकीचं लग्न झालं, तरी झाडांनी कळी धरली नव्हती. आता पहिल्यांदा पोतंभर माल हाती आला होता आणि तो घेऊन ती बाजारात बसायला निघाली होती.

बाजारातल्या लोकांनी तिला थांबवलं. "बाई, आमच्याकडे रीत आहे. आधी अर्कवाल्याला दाखवा."

"दाखवते की," ती म्हणाली. "त्यात काय?" आणि तिनं पदर भरून लवंगा अर्कवाल्याच्या पुढ्यात ओतल्या.

अर्कवाल्यानं लवंगेचं तेल कधी काढलं नव्हतं. पण वाफ तीच, घागर तीच. त्यानं लवंगा जरा चेचून जाळीवर पसरल्या. झाकणाच्या फटी कणकेनं लिंपल्या. खाली जाळ केला. टप्. टप्. थोड्या वेळानं आख्खी आळी लवंगेच्या वासानं भरून गेली. म्हातारी पदर नाकाला लावून म्हणाली, "आज कुणाच्या घरी पुलाव आहे रे?"

घागर भरली. अर्कवाल्यानं बूच काढलं, तो हातपाय धुऊन आला आणि धारेखाली बोट धरून बसला. बोटाला नुसतं पाणी लागत होतं. तो वाट बघत राहिला. पाणी संपलं, घागर रिकामी झाली, तरी बोटाला बुळबुळीत काही लागलं नाही.

"यात तेल नाही," तो म्हणाला.

त्याची बायको दारात उभी होती. "अहो, पण वास तर घरभर सुटलाय."

"वासाचं काय, रिकाम्या डब्यालाही वास असतो."

लवंगवाली पुढे आली. "दादा, एक चावून तर बघा."

त्यानं एक लवंग चावली. जीभ चुरचुरली, डोळ्यांत पाणी आलं. पण तो मान हलवून म्हणाला, "जीभ फसते, बाई. माझी घागर आजवर फसलेली नाही."

"मग पुन्हा एकदा काढा ना. लवंगा मी देते."

"नाही म्हटलं ना."

ही गोष्ट बाजारभर झाली. कोणी म्हणालं, "काय हो बाई, सगळं तेल घरीच ठेवून आलात वाटतं?" कोणी म्हणालं, "डोक्यावर ओझं नाही हं हिच्या, नुसता भुसाच!" लोक हसले. तिनं अंथरलेला कपडा गोळा केला, पोतं उचललं आणि ती पुढच्या गावाच्या बाजाराकडे गेली. पण बोलणं तिच्याआधीच तिथं पोचलं होतं. तिथंही तिला कोणी बसू दिलं नाही. त्याच्या पुढच्या गावीही तेच झालं.

इकडे अर्कवाल्याची बायको एका सकाळी परसातून ओरडतच आली. "माझ्या अळूवर काय ओतलंत? मोरीच्या तोंडाशी होती ती सगळी पानं करपली!"

"मी कशाला काही ओतू?"

"मग येऊन बघा."

अर्कवाला परसात गेला. मोरीचं पाणी जिथं पडायचं तिथं दगडाला खळगा पडला होता. त्याच्या भोवतीचा अळू खरंच करपला होता. अर्कवाला वाकला, तसा लवंगेचा वास नाकात घुसला. खळग्यात वीतभर पाणी होतं. त्याच्या तळाशी, भिजलेल्या मेथीच्या दाण्यांसारखं पिवळं पिवळं काहीतरी बसलं होतं.

त्यानं काडीनं एक थेंब हलवला. थेंब फुटला, त्याचे दोन झाले, ते पुन्हा एक झाले. पण वर काही आले नाहीत. तळाशीच लोळत राहिले.

अर्कवाल्यानं घरातून काचेचा पेला आणला. त्यात स्वच्छ पाणी घेतलं. खळग्यातला एक थेंब उचलून पेल्यात सोडला. थेंब हळूहळू खाली गेला आणि तळाला टेकला. मग त्यानं ओव्याच्या तेलाचा थेंब सोडला. तो वर तरंगत राहिला. एक वर, एक खाली, मध्ये पाणी. त्यानं पेला उन्हाकडे धरला. पुन्हा थेंब सोडला. पुन्हा तो खाली गेला. उन्हं कलली तरी त्याचं बघणं संपेना.

"पोरासारखं काय खेळताय?" बायकोनं विचारलं.

"अगं, हे तेल बुडतं," तो हळूच म्हणाला. "पाण्यापेक्षा जड आहे हे. मी बूच काढलं, तेव्हा पहिल्या धारेबरोबर हेच बाहेर पडलं असणार. मी तेल मोरीत सोडलं आणि पाण्यात बोट धरून बसलो."

बायको त्याच्याजवळ बसली. तिनं पेला हातात घेऊन तळाचा थेंब पाहिला. मग ती म्हणाली, "म्हणजे ती बाई खरी होती."

"हो."

"मग सांगा ना गावाला."

"सांगितलं तर लोक विचारतील, याआधी काय काय चुकीचं सांगितलंस? माझ्या शब्दावर पुन्हा कोण विश्वास ठेवील?"

"माहीत नाही," बायको म्हणाली. "पण तिच्या शब्दावर आज कोणीच ठेवत नाही, एवढं माहीत आहे."

पुढचा बाजार भरला, तेव्हा लवंगवाली परत घाटाकडे निघाली होती. घरची वाट बाजारातूनच जात होती. पोतं तसंच भरलेलं होतं. अर्कवाला पेला हातात घेऊन रस्त्यात उभा राहिला.

"थांबा, ताई," तो म्हणाला. मग मोठ्या आवाजात सगळ्यांना म्हणाला, "ऐका हो! हिच्या लवंगा खऱ्या आहेत, तेलानं भरलेल्या आहेत. तेल खाली बसलं होतं आणि मी वर शोधत होतो. चूक माझी आहे. हिची काहीच नाही."

लोक जमले. पेला या हातातून त्या हातात गेला. म्हातारीनं डोळे बारीक करून बघितलं आणि ती म्हणाली, "अगंबाई, हे तर तळाशी बसलंय! मग अर्कवाल्या, तू इतकी वर्षं नुसतं वरवरच बघत होतास की काय?" कोणी मोठ्यानं हसलं. अर्कवाल्यानं मान खाली घातली, पण तो तिथून हलला नाही.

मग लोक लवंगवालीभोवती गोळा झाले. "बाई, मला पावशेर द्या." "मला आधी, मी आधी आलोय." "राग धरू नका हो, आम्हाला काय ठाऊक!" ज्यानं भुसा म्हटलं होतं, तोच सगळ्यांच्या पुढे पिशवी उघडून उभा होता.

लवंगवालीनं कोणाकडे पाहिलं नाही. तिनं पोतं खाली ठेवलं आणि अर्कवाल्याच्या हातून पेला घेतला. तिनं झाडं लावली होती, त्यांना पाणी घातलं होतं, कळ्या खुडल्या होत्या, वाळवल्या होत्या. पण त्यांच्या आत काय असतं, हे तिनंही कधी पाहिलं नव्हतं. तिनं पेला उन्हात धरला. तळाशी पिवळा थेंब चमकत होता. पेला जरा कलता करून ती त्याला इकडून तिकडे फिरताना बघत राहिली, खूप वेळ.

"ताई, काहीतरी बोला," अर्कवाला म्हणाला.

तिनं पेला परत त्याच्या हातात दिला. पोतं डोक्यावर घेतलं, एका हातानं सावरलं आणि उघड्या पिशव्यांच्या मधून वाट काढत ती घाट चढू लागली.

तात्पर्य: एखाद्यात काही नाही असं सांगण्याआधी आपण नीट सगळीकडे पाहिलं का, हे स्वतःला विचारावं, चूक कबूल केलीच पाहिजे, पण ज्याचं मन दुखावलं त्यानं थांबावं, हे मात्र आपल्या हातात नसतं.