मानेवरचा श्वास

तीस वर्षं राज्य केलेला पक्ष निवडणुकीत भुईसपाट झाला, तेव्हा नवे मुख्यमंत्री सर्जेराव बाबर मुद्दाम त्याच्या कचेरीत मिरवायला गेले. भरदुपारी आत स्मशानशांतता. रिकाम्या खुर्च्यांमध्ये म्हाताऱ्या अध्यक्षा गोदूताई एकट्याच बसलेल्या.

सर्जेराव हसले. "काय ताई, तुमच्यासाठी जीव टाकणारी माणसं भुतांनी नेली की काय?"

"इथंच आहेत. तुमच्या मागं."

सर्जेरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी वळून पाहिलं. त्यांचेच कार्यकर्ते हात जोडून उभे होते. उपरणी कोरी करकरीत, पण चेहरे भिंतीवरच्या ताईंच्या विजयाच्या फोटोतलेच.

"मानेवर त्यांचा श्वास लागतोय ना?" ताई म्हणाल्या. "मलाही लागायचा. ज्या दिवशी लागेनासा झाला, त्याच दिवशी मी हरले. मतदान नंतर झालं."

तेव्हापासून सर्जेराव भाषण करता करता मधेच थांबतात आणि मान चाचपून बघतात.