सर बार्नबींच्या जेवणघरातून बदकं

तळ्याला कुंपण पडलं! लिटल पडली गावातलं एकुलतं एक तळं, आणि एका सकाळी बघावं तर त्याच्याभोवती पुरुषभर उंच फळ्या ठोकलेल्या! टॅबिथाची बदकं फळ्यांवर चोची आपटून थकली, रुसली आणि अंडी घालायची बंद झाली. आता तिच्या बापाचं घर चालायचं ते त्या अंड्यांवरच. टॅबिथाने बूट चढवले आणि तडक जमीनदाराची कोठी गाठली.

हे सगळं त्या मेल्या पुस्तकापायी! विलायतेत तेव्हा गॅझेटिअरांचं पेव फुटलं होतं. देशातल्या झाडून साऱ्या गावांची माहिती एका जाडजूड पुस्तकात: स्टेशन किती लांब, चर्चचा मनोरा चौकोनी की टोकदार, माती चिकण की रेताड, आणि शेवटच्या ओळीत गावातला बडा माणूस कोण. त्या शेवटच्या ओळीसाठी जमीनदार सर बार्नबी क्रम्प वेडे झाले होते. एका गावाच्या पानावर नाव येऊन त्यांचं पोट भरेना! म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांनी कोठीचं जेवणघर वाढवत वाढवत शेजारच्या अपर पडली गावात घुसवलं. हद्द कुठून जाते ते पाहुण्यांना दाखवायला फरशीत पितळेची पट्टी बसवली, या दारापासून त्या दारापर्यंत. पट्टीच्या अल्याड एक गाव, पल्याड दुसरं! एवढ्यावरही भागलं नाही. 'कोठीलगत रम्य खासगी सरोवर' असंही छापून यायला हवं होतं. सरोवर कसलं, आपलं बदकांचं तळं हो!

"साहेब, माझ्या बदकांनी पोहायचं कुठे?" टॅबिथाने विचारलं.

"तुझ्या बापाच्या टोपीत!" सर बार्नबी स्वतःच्याच विनोदावर खूश.

"त्या टोपीला भोकं आहेत, साहेब. पाणी ठरत नाही."

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या! बरं, ऐक. येत्या गुरुवारी गॅझेटिअरवाले मिस्टर पिंक माझ्याकडे जेवायला आहेत. त्यांच्यादेखत तुझी बदकं माझ्या जेवणघरातून चालत गेली पाहिजेत. दार माझ्याच नोकराने उघडलं पाहिजे. आणि मी खुर्चीवरून उठून, मान लववून उभा राहिलो पाहिजे! एवढं जमवलंस तर कुंपण मी माझ्या हातांनी उपटीन. नाही जमलं तर तुझी सगळी बदकं माझ्या मुदपाकखान्यात! कबूल?"

"कबूल!"

बोलून बसली खरी, पण फाटकाबाहेर येताच तिने कपाळावर हात मारला. काय हे माझं तोंड! आता बापाला काय सांगू? डोळ्यांतलं पाणी पुसत ती चर्चच्या आवारात आली, तर रेव्हरंड ओट्स काठ्यांसाठी विलोच्या झाडाच्या फांद्या छाटत बसलेले.

"गुरुवारी हद्दफेरी ना, पोरी," ते म्हणाले. "दर वसंतात अख्ख्या गावाने हद्दीवरून चालायचं, काठ्या आपटायच्या, जागोजागी प्रार्थना म्हणायची. म्हणजे आपलं गाव कुठे संपतं ते कुणी विसरत नाही."

टॅबिथाचे डोळे चमकले. "आणि हद्दीवर काही आडवं आलं तर, फादर?"

"तर आरपार जायचं! गोठा असो की गढी, फेरीला कुणी अडवायचं नाही असा रिवाज आहे. पण आपल्या हद्दीवर आहेच काय? नुसती शेतं, आणि..." रेव्हरंड बोलता बोलता थांबले. त्यांची नजर कोठीच्या धुराड्यावर गेली. "अरे देवा! ते नवं जेवणघर!"

"अख्खं गाव जातं म्हणालात ना? मग बदकं काय परगावची आहेत?"

रेव्हरंड इतके हसले की हातातला कोयता बाजूला ठेवावा लागला.

गुरुवार उजाडला. सर बार्नबी गळ्यात रुमाल खोचून पाहुण्याला पट्टी दाखवत होते. "पाहा मिस्टर पिंक, माझं सूप लिटल पडलीत आणि मटण अपर पडलीत! आहे का कुणाची अशी ऐट?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. नोकराने उघडलं, तर समोर उंच धरलेला क्रूस आणि मागे रेव्हरंड! देवाच्या तोंडावर दार लावायची त्याची काय बिशाद! तो आदबीने बाजूला झाला. आत आले रेव्हरंड, आत आलं गाव काठ्या आपटत, आणि मधोमध टॅबिथा, ओच्यातून जवाचे दाणे सांडत. तिच्यामागे पितळेच्या पट्टीवरून, बरोब्बर टेबलाखालून, बदकं!

"प्रार्थना करू या!" रेव्हरंड गरजले.

जन्माची सवय ती. सर बार्नबी ताडकन उठले, मान लववली आणि डोळे मिटले.

"आमेन!"

"क्वॅक!"

सर बार्नबींनी डोळे उघडले. एक बदक त्यांच्या बुटाची नाडी ओढत होतं, दुसरं मटणाकडे टक लावून होतं.

"दगाबाजी!" ते लालबुंद झाले. "कुणाला विचारून घुसलात माझ्या घरात? हाकला यांना! हे नाही चालायचं!"

"तुमच्या घरात कुठे, साहेब?" टॅबिथा म्हणाली. "आम्ही तर आमच्या हद्दीवरून चाललोय. हद्द इथून जात नसेल तर तसं सांगा. आम्ही माफी मागतो आणि बदकं इथेच सोडून जातो, खुशाल भाजा! पण मग पिंकसाहेब अपर पडलीच्या पानावरून तुमचं नाव खोडतील. बोला, हद्द इथे आहे की नाही?"

मिस्टर पिंकनी पेन्सिल कानामागून काढली आणि वाट पाहू लागले. सर बार्नबींनी पट्टीकडे बघितलं, पेन्सिलीकडे बघितलं, बदकांकडे बघितलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि ते असे खदखदून हसले की टेबलावरचे चमचे वाजले.

"आहे, बाई, आहे! हद्द इथेच आहे!" डोळे पुसत ते म्हणाले. "चला, कुंपण उपटायला! फळ्या तू घे, बदकांना घर बांध. आणि रेव्हरंड, पुढच्या वर्षापासून हद्दफेरी या खोलीत थांबेल, माझ्याकडे जेवेल आणि मगच पुढे जाईल. बदकांसकट!"