पहिली कधी पडलीच नाही

चूक आबाची होती, दुसऱ्या कुणाचीही नाही.

कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे त्या काळात, प्रोग्रॅम तपासणाऱ्या एका कचेरीत आबा नावाचा थोराड कॉम्प्युटर राहायचा. त्याच्या पोटात पाच खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत ऑपरेटिंग सिस्टिमची एकेक आवृत्ती नांदायची; पहिली सगळ्यांत जुनी, पाचवी सगळ्यांत नवी. आलेला प्रोग्रॅम पाचही जणींवर चालवून बघायचा, अशी रीत होती. एखादी कोलमडली तर आबा तिला जपून ठेवलेल्या आधीच्या क्षणावर परत न्यायचा. ती ठणठणीत उठायची, पण काय घडलं ते तिला आठवायचं नाही.

एकदा लसींचा फ्रिज सांभाळणारा प्रोग्रॅम आला. चौघींवर नीट चालला. पहिली मात्र उताणी पडली.

"आबा, लिहून घ्या, मी पडले," ती कण्हत म्हणाली. "गावच्या दवाखान्यातला तुमचा धाकटा भाऊ माझ्याच आवृत्तीवर चालतो."

"गप बस! माझ्या पोटात आजवर कुणी पडलेलं नाही. चारचौघांत तोंड दाखवायचंय मला."

आबाने तिला मागच्या क्षणावर नेलं आणि मग साळसूदपणे विचारलं, "काय गं, पडलीस का?"

"छे हो आबा! कधी?"

आबाने खुशाल लिहिलं, पाचही पास. घरातल्या मोठ्यांना अब्रू झाकायला एवढं पुरतं.

चार दिवसांनी प्रोग्रॅम धाकट्यापर्यंत पोचला. फ्रिज बंद पडला, लसी नासल्या, धाकटा कोलमडला. त्याचा मागचा क्षण कुणी जपून ठेवलाच नव्हता. दवाखान्याने त्याला भंगारात काढलं.

आबाला एकच भाऊ होता. तो गेला.