एकवीस दिवसांची शेळी

“पण महाराज, बाकीच्या वीस हव्यात कशाला?”

वैजयंता टेकडीवरच्या मठाच्या अंगणात उभी होती. हातात एकच कागद, त्यावर एकच शेळी.

गावच्या देवळाच्या नव्या भिंतीवर गोकुळ रंगवायचं होतं. ते कोणी रंगवायचं, हे अनंतगिरी महाराज ठरवणार होते. जुनी भिंत तरुणपणी त्यांनीच रंगवलेली. त्यांनी वैजयंताला एवढंच सांगितलं होतं, “रोज एक शेळी काढ. एकवीस दिवसांनी सगळ्या घेऊन ये.”

पंचक्रोशीत तिच्या चित्रांचं नाव होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. रोज एक शेळी म्हणजे तिला पोरखेळ वाटला. एकवीस दिवस खपून तिने एकच काढली. केस न् केस.

महाराजांनी कागद उन्हात धरला. बराच वेळ पाहिला.

“सुरेख.”

वैजयंताची मान ताठ झाली.

“ही उभी आहे. बसते कशी?”

“बसलेली… नाही काढली.”

“आणि पाला ओरबाडताना?”

“तीही नाही.”

महाराज उठले. मठाची शेळी चंद्री खुंट्याला बांधलेली होती. त्यांनी तिचं दावं सोडलं, वैजयंताच्या हातात कोळसा ठेवला आणि अंगणातल्या फरशीकडे बोट केलं.

“काढ.”

“अहो, पण ती थांबत नाहीये!”

“नाहीच थांबत,” महाराज खुशीत म्हणाले.

चंद्री पायरीवर चढली, तिथून कठड्यावर, तिथून थेट महाराजांच्या वाळत घातलेल्या भगव्या छाटीवर. वैजयंता कोळसा घेऊन मागे मागे. पहिली शेळी खाटेसारखी झाली. दुसरी कुत्र्यासारखी. महाराज डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

तिला आधी राग आला. पाचवी पाहून मात्र तिलाही हसू आवरेना. मग तिने मोजणं सोडलं.

ऊन कलेपर्यंत फरशी भरून गेली. एका कोपऱ्यात चार रेघांची एक शेळी होती. मागच्या पायांवर उभी, मान वर, लिंबाच्या फांदीकडे झेपावणारी. अंगावर एक केस नव्हता, पण चंद्रीच होती ती. वैजयंता स्वतःच तिच्याकडे बघत राहिली.

महाराज वाकले. त्यांनीही पाहिली.

“भिंत तुझी.”

“खरंच?” काळे हात तिने तसेच गालांना लावले. “म्हणजे आता रोजच्या शेळ्या संपल्या ना, महाराज?”

महाराज आत गेले. कागदांचा छातीएवढा गठ्ठा कवटाळून बाहेर आले आणि तो तिच्यापुढे ठेवला.

तिने वरचा कागद उचलला. चंद्री. खालचा उचलला. चंद्री. त्याखाली चंद्रीची आई असावी. पार तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदांवर तिने कधी न पाहिलेल्या कितीतरी जुन्या शेळ्या.

“तुम्ही… अजून काढता?”

ऐंशी वर्षांचे महाराज तिच्याशेजारी मांडी घालून बसले. सगळ्यात वरचा कागद त्यांनी तिच्यासमोर धरला.

“ही आज सकाळची. मागचे पाय आज पहिल्यांदाच जरा जमल्यासारखे वाटतायत… बघ बरं, तुला कसे वाटतात?”