मोरपिसाचा भाव

माणसांनी अजून नाणी पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीच्या अलीकडे एक म्हातारी खार शेंगा गोळा करायची, पलीकडे एक साळिंदर कंद उकरायचं. नदीपारचा सौदा मात्र मोराच्या पिसावरच व्हायचा. मोर दोन्ही काठांवर वजनदार, त्याचं पीस कुणीही नाकारत नसे.

खारीने पावसाळाभर पाठ मोडून जमवलेल्या शेंगा मोराला दिल्या, एक पीस घेतलं आणि ती पलीकडे पोचली. एका पिसाला टोपलीभर कंद, हा ठरलेला भाव. तेवढ्यावर तिची पिल्लं थंडी काढणार होती.

"आता पिसाला एकच कंद," साळिंदर म्हणालं.

"अहो दादा, गेल्या महिन्यात टोपली होती!"

"सकाळी मोर येऊन गेला. शंभर पिसं टाकली आणि निम्मे कंद उचलले. उरलेले महाग होणारच."

"शंभर? कुठून कमावली त्याने?"

"कमावतोय कशाला? पिसं झडायचे दिवस आहेत. अंग झटकलं."

वाटेत खायला ठेवलेल्या चार शेंगा खारीने पुढे केल्या.

"मग याच घ्या. पीस राहू दे."

साळिंदराच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने पंजा पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"नको गं बाई. आज मीच पिसाऐवजी शेंगा घेतल्या, तर बिळातल्या माझ्या शंभर पिसांना उद्या कोण विचारणार?"