ढोलीतला स्वेटर

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, जुन्या बेहड्याच्या ढोलीत, एक खार राहत असे. मोठी टापटिपीची म्हणून तिचा सगळीकडे लौकिक होता. शेंगा, बिया, कापसाची बोंडे, दिसेल ते उचलावे आणि ढोलीत नेऊन ठेवावे, हा तिचा स्वभावच. वस्तू नजरेआड केली म्हणजे ती नीट ठेवली, असे तिला वाटायचे. मुलांनो, तुमच्यापैकीही काहींना तसे वाटते. तुमची कपाटे मी पाहिली आहेत.

त्या जंगलात एकच लोकरी स्वेटर होता. एका मेंढीने तरुणपणी स्वतःच्या लोकरीचा तो विणला होता, आणि थंडीत ज्या घरी पिल्ले जन्मतील त्या घरी तो जायचा. हरणाचे पाडस असले तर स्वेटर अंगात घाले. सशाची पिल्ले असली तर बाह्यांमध्ये शिरून झोपत. थंडी सरली की शेवटच्या घरच्या आईने तो गार पाण्यात रिठ्याच्या फेसाने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत गवतावर पसरून वाळवायचा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुढच्या हिवाळ्यापर्यंत जपायचा. ही रीत सगळे पाळत. म्हणून तर मेंढी म्हातारी झाली, तिची लोकर विरळ झाली, तरी स्वेटर धडधाकट होता.

त्या वर्षी स्वेटर शेवटी खारीकडे आला. तिच्या पिल्लांनी त्यावर दूध उलटवले, पुसेपर्यंत पुन्हा उलटवले, आणि पोटापाशी पिवळट डाग पडले. धुवायला ओढ्यावर न्यावा तर तिथे साऱ्याजणी असणार. "एवढी टापटिपीची तू, आणि हे काय गं?" असे कोणी म्हणाले तर? नुसत्या विचाराने खारीचे कान तापले. तिने डाग आत जातील अशी सुबक घडी घातली, स्वेटर ढोलीच्या तळाशी सारला आणि वर शेंगा रचल्या. "नंतर धुईन निवांत," ती स्वतःशी म्हणाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पण तिचे ते 'नंतर' काही उगवले नाही.

पुढच्या हिवाळ्यात थंडी लवकर पडली आणि सशिणीला पिल्ले झाली. ती धापा टाकत बेहड्याखाली आली. मागून म्हातारी मेंढीही आली.

"खारूताई, स्वेटर दे गं लवकर," सशीण म्हणाली. "धाकटं आता कुडकुडतसुद्धा नाही."

खारीने शेंगा भराभर बाजूला केल्या आणि घडी उलगडली. स्वेटरला कसर लागली होती. बाह्या धड होत्या, पाठ धड होती; पण जिथे जिथे दूध सांडले होते, नेमके तिथे तिथे भोक होते. तिने लपवलेला एकही डाग त्या किड्यांनी सोडला नव्हता. खाली जाऊच नये, ढोलीचे तोंड आतून बंद करून बसावे, असे तिला वाटले. पण खाली सशीण उभी होती.

"मेली ती कसर!" खाली उतरून खार म्हणाली. "मी तर धुवून ठेवला होता हो, आजी."

मेंढीला आता नीट दिसत नसे. तिने भोकाच्या कडेवरून ओठ फिरवले. कडेला वाळलेले दूध कडक झाले होते. सशिणीनेही ते पाहिले आणि चूक आपलीच असावी तशी मान खाली घातली. कोणी चार शब्द सुनावले असते तर खारीला बरे वाटले असते.

"नाही धुतला मी," ती एकदम रडू लागली. "डाग दिसतील म्हणून लपवला. लाज वाटली मला."

"आत्ता वाटतेय, त्याहून जास्त?" मेंढीने हळूच विचारले.

खारीने नकारार्थी मान हलवली.

"मग चल बिळात. रडायला पुढे वेळ आहे," मेंढी म्हणाली.

पिल्ले बाह्यांमध्ये शिरली. धाकट्याला स्वेटरच्या पोटापाशी ठेवले, पण तिथल्या मोठ्या भोकातून वारा थेट त्याच्या अंगावर येई. तेव्हा खारीने आपली झुपकेदार शेपटी भोकावर पसरली आणि ती तिथेच आडवी झाली. दुपारी धाकटे किंचित हलले, मग दूध शोधू लागले. सशीण इतका वेळ धरून ठेवलेले रडू रडली.

खार मात्र उठली नाही. कडाक्याची थंडी होती तोवर ती तिथेच राहिली; तिची शेपटी मातीने माखली. बाळे बघायला येणारा जो तो विचारी, "तू गं इथे कशी?" आणि दर वेळी तिला खाली मान घालून सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. पुढे मेंढीने आपल्या विरळ लोकरीचा थोडा धागा काढला आणि खारीला रफू शिकवले. जुनी लोकर पांढरी होती, नवी करडी. भोके बुजली, पण ठिगळे दिसायची ती दिसलीच.

हिवाळा सरला. सशीण स्वेटर घेऊन ओढ्यावर आली, तेव्हा तिथे चांगलीच गर्दी होती. तिच्या पिल्लांनीही दूध उलटवले होते. ती हळूच डाग आत घालून घडी करू लागली. खारीने ते पाहिले. तिचे कान पुन्हा तापले, तरी ती पुढे झाली आणि सगळ्यांसमोर तिने स्वेटर उलगडला.

"डाग वर ठेव गं," ती म्हणाली. "इथेच पाणी लागायला हवं."

तात्पर्य : डाग पडला तर लाजू नये, तो घडीत लपवायला लाजावे, कारण कसर लागते ती तिथेच.